नव्या संगणक प्रणालीवर कसे जायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी सिस्टिम सोडून नवी सुरू करताना संस्थांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सिस्टिम कोणती घ्यावी हा विषय इथे नाही. ती ठरली आहे, करार झाला आहे आणि बदल कोणत्या पद्धतीने करायचा एवढेच उरले आहे, असे धरले आहे. एकाच गोष्टीची उजळणी टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. नव्या सिस्टिमवर जाण्याच्या पद्धती किती आणि कोणत्या?

मूळ पद्धती चार.

थेट बदलात एका ठरलेल्या दिवशी जुनी सिस्टिम बंद होते आणि सगळे जण नव्या सिस्टिमवर कामाला लागतात. समांतर पद्धतीत, म्हणजे पॅरलल रनमध्ये, काही काळ दोन्ही सिस्टिम चालतात, एकच काम दोन्हीकडे होते आणि निकाल ताडून पाहिले जातात. टप्प्याटप्प्याच्या बदलात आधी एक विभाग किंवा एक शाखा जाते, मग दुसरी. पायलटमध्ये एका निवडक ठिकाणी सगळी सिस्टिम पूर्णपणे चालवून पाहतात आणि तिथे जमले की बाकीच्यांकडे नेतात.

प्रत्यक्षात शुद्ध एकच पद्धत क्वचितच वापरली जाते. पगारासाठी समांतर, भांडारासाठी गोदामागणिक टप्पे आणि रजेच्या अर्जांसाठी थेट, असे मिश्रण एकाच संस्थेत असू शकते. किंबहुना तसे असणेच बहुतेकदा शहाणपणाचे ठरते.

२. आमच्यासाठी कोणती पद्धत योग्य हे ठरवायचे कसे?

संस्थेच्या आकारावरून ठरवू नका. प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी कागदावर लिहा. नव्या सिस्टिममध्ये चूक झाली तर ती किती वेळात लक्षात येईल? लक्षात येईपर्यंत किती नुकसान होईल आणि कोणाचे? जुन्यावर परत यायचे तर किती तास लागतील? पद्धत या तीन उत्तरांतूनच निघते.

पगारातली चूक पगाराच्या दिवशी कळते आणि तोवर ती शेकडो लोकांच्या खात्यात पोचलेली असते. पण पगाराचे आकडे जुन्या-नव्यात पैशापर्यंत ताडता येतात. म्हणून पगारासाठी समांतर पद्धत जवळजवळ नेहमीच योग्य. आरक्षणाचे काम उलट आहे. एकच जागा दोन सिस्टिम विकू लागल्या तर घोळच होणार, म्हणून तिथे समांतर चालवता येत नाही. थेट किंवा ठिकाणाप्रमाणे टप्पे, एवढेच पर्याय राहतात. गोदामातला माल प्रत्यक्षात एकच असतो आणि स्कॅनर एका वेळी एकाच सिस्टिमला जोडलेला असतो, त्यामुळे तिथे एकेक गोदाम न्यावे. सभागृहाची नोंदणी, रजा, अंतर्गत तक्रारी अशा कामांत चूक लगेच दिसते आणि हाताने निस्तरता येते. ती सरळ थेट बदला, त्यांच्यावर महिने घालवू नका.

३. थेट बदल सर्वांत स्वस्त असे सांगतात. खरे आहे का?

सगळे सुरळीत झाले तर खरे आहे. दुहेरी मेहनत नाही, दोन सिस्टिमना जोडणारे तात्पुरते पूल नाहीत, लोकांचाही गोंधळ कमी. पण वाचलेला पैसा तालमीत (प्रश्न ५) आणि भार-चाचणीत, म्हणजे खूप लोक एकदम वापरू लागले तर सिस्टिम टिकते का हे पाहण्यात, घालावा लागतो. तिथे काटकसर केली तर हिशेब उलटतो.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार मुख्यत्वे एका शनिवार-रविवारात नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. डेटा नीट पोचला, पण प्लॅटफॉर्म कोलमडला. लाखो लोकांना स्वतःचेच खाते उघडता येईना. दोन डेटा सेंटर एकदम चालणार होती आणि भार-चाचणी मात्र त्यांतल्या एकावरच झाली होती, हे नंतरच्या स्वतंत्र चौकशीत पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

म्हणून थेट बदल करायचा तर डेटा जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. सोमवारी सकाळी जितके लोक एकदम लॉगिन करतील तितक्यांचा भार, ज्या यंत्रांवर काम चालणार त्याच सगळ्या यंत्रांवर टाकून पाहा.

४. कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्यावर प्रत्यक्ष जाण्याच्या, दिवसांचे वेळापत्रक कसे आखायचे?

तासागणिक. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव, तिच्या बदलीचे नाव, लागणारा वेळ आणि काम पूर्ण झाल्याची खूण लिहा. सोमवारी सकाळी ८ वाजता काम सुरू होणाऱ्या मध्यम संस्थेचे वेळापत्रक साधारण असे दिसते:

- शुक्रवार संध्याकाळ ६: जुन्या सिस्टिममधल्या नोंदी थांबवणे. नुसती सूचना पुरत नाही, सर्वांचे अधिकार 'फक्त वाचन' असे बदलावेत. नाहीतर कोणीतरी साडेसहाला एक शेवटची पावती करतोच आणि ती कुठेच पोचत नाही.
- ६ ते ८: दिवसाचा हिशेब बंद करून नियंत्रण बेरजा काढणे. एकूण नोंदी, खात्यांची संख्या, शिल्लक रकमांची बेरीज, मालाची संख्या. त्या छापून त्यावर सही.
- ८ ते १०: पूर्ण बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून उघडून पाहणे.
- रात्री १० ते पहाटे ४: डेटा काढणे, रूपांतर करणे, नव्या सिस्टिममध्ये भरणे.
- शनिवार दिवसभर: बेरजा जुळवणे, प्रत्येक विभागातल्या ५० ते १०० नोंदी डोळ्यांनी तपासणे, विभागप्रमुखांची सही.
- रविवारी दिवसा: बाहेरच्या जोडण्या, प्रिंटर, बँकेच्या फायली, संदेशसेवा, हजेरीची यंत्रे.
- रविवार रात्री ८: पुढे जायचे की परत फिरायचे याचा निर्णय (ही वेळ कशी निघाली ते प्रश्न ६ मध्ये).

बाहेरच्या जोडण्या तपासताना आणखी एक यादी हाताशी ठेवा, चाचणीसाठी म्हणून बंद केलेल्या गोष्टींची. चाचणीच्या काळात खरे संदेश ग्राहकांना जाऊ नयेत म्हणून फिल्टर बसवतात, बनावट ईमेल पत्ते टाकतात, पैसे पाठवण्याची जोडणी तोडतात. ते पूर्ववत करायचे राहून जाते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचे टर्मिनल ५ हे २७ मार्च २००८ रोजी सुरू झाले, तेव्हा सामानाच्या गोंधळामागच्या कारणांत चाचणीतला असाच एक राहून गेलेला फिल्टर होता.

५. रंगीत तालीम किती वेळा करावी?

पूर्ण डेटा घेऊन, खऱ्या यंत्रांवर, तीच माणसे बसवून किमान दोनदा. पहिल्या तालमीत चुका सापडतात. त्या दुरुस्त झाल्या का आणि वेळ किती लागतो, हे दुसऱ्या तालमीत कळते. दुसऱ्या वेळीही वेळापत्रक दोन-चार तासांनी चुकले तर तिसरी तालीम घ्या आणि गरज पडल्यास तारीख पुढे न्या.

दहा टक्के डेटावर केलेली तालीम फसवी असते. डेटा दहापट झाला म्हणजे वेळही दहापटच होतो असे नाही. इंडेक्स (शोधासाठीची सूची) बांधणे, डुप्लिकेट शोधणे अशा पायऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. आणि तालमीत परत फिरण्याचा सरावसुद्धा करा. बहुतेक ठिकाणी फक्त पुढे जाण्याचाच सराव होतो.

६. परत फिरण्याचा शेवटचा क्षण कसा ठरवायचा?

उलटे मोजत या. वरच्या उदाहरणात काम सोमवारी सकाळी ८ ला सुरू व्हायचे आहे. तालमीत जुनी सिस्टिम पूर्ववत करायला ६ तास लागले, म्हणजे पहाटे २. ती तपासायला २ तास, म्हणजे मध्यरात्री १२. अनपेक्षित अडचणींसाठी ४ तास हाताशी ठेवले की रविवार रात्री ८. त्या क्षणी ठरलेले निकष पूर्ण नसतील तर परत फिरायचे, 'अजून तासाभरात होईल' हे ऐकायचे नाही.

निकष आधीच आकड्यांत लिहिलेले असावेत. खात्यांच्या शिल्लक रकमांची बेरीज शून्य फरकाने जुळली. काम अडवणारी एकही चूक उघडी नाही. प्रत्येक ठिकाणचा किमान एक प्रिंटर चालतो. दहा ठरावीक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाले. निर्णय एकाच व्यक्तीने घ्यावा आणि ती व्यक्ती संस्थेची असावी, पुरवठादाराची नव्हे. पुरवठादाराचे बिल अनेकदा गो-लाइव्हवर, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्यावर, अवलंबून असते. त्याच्याकडून तटस्थ मताची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायच.

सोमवारी काम सुरू झाले की परतीचे गणित बदलते. आता नव्या सिस्टिममध्ये अशा नोंदी आहेत ज्या जुनीला माहीतच नाहीत. परत जायचे तर त्या मागे न्याव्या लागतील. दिवसभराच्या नोंदी थोड्या असतील तर त्यांची यादी छापून ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत हाताने मागे नेता येतात. नोंदी हजारोंनी असतील तर मागे नेणारी स्क्रिप्ट आधीच लिहून तपासलेली हवी. ती नसेल तर परतीचा मार्ग सोमवारी सकाळीच बंद झाला असे समजा, आणि पुढचे सगळे नियोजन 'जिथे आहोत तिथेच दुरुस्त करायचे' या हिशेबाने करा.

७. पॅरलल रन किती दिवस चालवायचा?

दिवसांत मोजू नका, चक्रांत मोजा. पगारासाठी किमान दोन पूर्ण पगार आणि त्यांपैकी एकात थकबाकी, वेतनवाढ, कोणाचा तरी राजीनामा असे अवघड प्रकार आलेले असावेत. येत नसतील तर मागच्या वर्षातला तसा महिना निवडून तो नव्या सिस्टिममध्ये पुन्हा चालवा. लेखाविभागासाठी किमान एक महिनाअखेर, शक्य तर तिमाहीअखेर.

संपवण्याची अट सुरुवातीलाच लिहून ठेवा: 'सलग दोन चक्रांत कारण न समजलेला फरक शून्य.' अशी अट नसलेला पॅरलल रन लांबतच जातो. तिसऱ्या महिन्यापासून लोक थकतात, नव्या सिस्टिममधली एंट्री मागे पडते आणि मग आकडे जुळत नाहीत ते केवळ त्यामुळेच.

दोन्ही चालू असताना अधिकृत सिस्टिम कोणती, हे लेखी जाहीर करा. पावती, बिल, बँकेला जाणारी फाइल, ग्राहकाला जाणारा संदेश हे सगळे एकीतूनच निघाले पाहिजे. दुसरीतून ते निघणारच नाहीत अशी तांत्रिक व्यवस्था करा. एकाच बिलाचे दोन क्रमांक बाहेर गेले की ते निस्तरायला पॅरलल रनपेक्षा जास्त वेळ जातो.

८. दोन्ही सिस्टिमचे आकडे जुळत नाहीत. कोणती खरी मानायची?

आधीच कोणतीही नाही. प्रत्येक फरकाला कारण चिकटवा. कारणे बहुधा या पाचांपैकी असतात: एंट्रीतली चूक, वेळेचा फरक (एकीकडे आज, दुसरीकडे उद्या नोंद), पूर्णांकनाचा फरक, नव्या सिस्टिमची चुकीची मांडणी, आणि जुन्या सिस्टिममध्येच वर्षानुवर्षे असलेली चूक.

पूर्णांकनाचा फरक ओळखायला सोपा आहे. बिलात तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीवर कर १२.३३४ येतो. एक सिस्टिम ओळीगणिक दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन करते, १२.३३ गुणिले ३ म्हणजे ३६.९९. दुसरी आधी बेरीज करते, ३७.००२ म्हणजे ३७.००. दोन्ही गणिते बरोबर आहेत, नियम वेगळे आहेत. कायद्याला आणि कराराला कोणता नियम मान्य आहे ते लेखाविभागाने ठरवावे आणि तसे सेट करावे. 'थोडासाच फरक आहे' म्हणून सोडून देऊ नका, कारण एका लहान फरकाच्या आड दोन मोठे आणि उलट दिशेचे फरक लपलेले असू शकतात. म्हणूनच फक्त एकूण बेरीज न ताडता खातेनिहाय, कर्मचारीनिहाय ताडावे.

पाचव्या कारणाला सर्वाधिक धैर्य लागते. जुनी सिस्टिम चुकत होती असे दिसले तर नव्या सिस्टिममध्ये ती चूक मुद्दाम घालून आकडे जुळवू नका. फरक नोंदवा, व्यवस्थापनाची सही घ्या, आणि मागची देणी-घेणी हा वेगळा विषय म्हणून हाताळा.

९. दोन्हीकडे एंट्री करायला आमच्याकडे माणसेच नाहीत. मग पॅरलल रन सोडून द्यायचा?

त्याचा हलका प्रकार करता येतो. सगळ्या नोंदी दोनदा करण्याऐवजी जुन्या सिस्टिममधल्या पूर्ण झालेल्या महिन्याची माहिती फाइलने नव्यात भरा, नव्याकडून गणित करून घ्या आणि निकाल ताडून पाहा. यातून गणिते आणि सेटिंग तपासले जातात. लोकांना नव्या स्क्रीनवर काम जमते का हे मात्र यातून कळत नाही, त्याची सोय प्रश्न १६ प्रमाणे करावी लागेल.

दुसरा मार्ग नमुन्याचा. सगळे कर्मचारी घेण्याऐवजी प्रत्येक वेतनश्रेणी, प्रत्येक भत्ता, प्रत्येक कपात एकदा तरी येईल असे साठ-सत्तर जण निवडा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोनशेंपेक्षा असे विचारपूर्वक निवडलेले सत्तर अधिक चुका पकडून देतात.

१०. टप्पे करायचे तर विभागानुसार करावेत की शाखेनुसार?

जिथे रेघ ओढल्यावर तिला ओलांडणारे व्यवहार सर्वांत कमी, तिथे रेघ ओढा. शाखा आपापले खरेदी-विक्री-हिशेब स्वतंत्र पाहत असतील तर शाखेनुसार. सगळी खरेदी मुख्यालयात आणि फक्त वितरण शाखेत असेल तर शाखेनुसार तोडल्यावर रोज शेकडो व्यवहार रेघ ओलांडतील, तिथे विभागानुसार बरे.

रेघेवरच्या प्रत्येक प्रकारच्या व्यवहारासाठी तात्पुरता पूल लागतो. म्हणजे एका सिस्टिममधून फाइल काढून दुसरीत भरणे, रोज रात्री जुळवणी, आणि अडकलेल्या नोंदी पाहणारा माणूस. अंदाजपत्रकात हे पूल नेहमी कमी धरले जातात. ते लिहायला आणि तपासायला खऱ्या कायमच्या जोडणीइतकेच कष्ट पडतात आणि सहा महिन्यांत फेकून द्यायचे असतात. पूल पाचाहून अधिक होत असतील तर टप्पे पुन्हा आखा.

दोन नियम पाळले तर बराच त्रास टळतो. माहितीचा प्रवाह प्रत्येक पुलावर एकाच दिशेने ठेवा. आणि ग्राहक, माल, पुरवठादार यांच्या मूळ याद्यांचा मालक एकच सिस्टिम असू द्या, दुसरी फक्त प्रत घेईल. दोन्हीकडे नवा ग्राहक तयार करता येत असेल तर महिन्याभरात एकाच माणसाचे दोन कोड झालेच म्हणून समजा.

११. जुन्या सिस्टिममध्ये अर्धवट राहिलेल्या ऑर्डर, अर्ज, दुरुस्त्या यांचे काय करायचे?

तीन गट पाडा. जे कटओव्हरच्या आधी संपवता येतील ते संपवा. आधीचे दोन-तीन आठवडे यासाठीच राखून ठेवावेत. जे दीर्घकाळ चालणार आहेत, उदाहरणार्थ वर्षभराचे करार, ते त्यांच्या आजच्या स्थितीसह नव्यात न्या. मधले जे चार-सहा दिवसांत संपतील ते जुन्यातच संपवा, पण अखेरची तारीख ठरवा.

अर्धवट ऑर्डर नेताना घोळ ठरलेला असतो. मूळ संख्या १०० होती, ६० आल्या, ४० बाकी. नव्यात १०० ची ऑर्डर म्हणून चढवली तर पुन्हा १०० मागवल्या जातील. ४० म्हणून चढवली तर पुरवठादाराच्या १०० च्या बिलाशी जुळणार नाही. सुरक्षित रीत अशी: ४० ची नवी ऑर्डर, शेऱ्यात जुना क्रमांक, आणि आलेल्या ६० ची देणी उघडी देणी म्हणून स्वतंत्र.

१२. पायलटसाठी कोणती शाखा निवडावी?

सर्वांत हुशार शाखा नको आणि सर्वांत लहानही नको. हुशार शाखा सिस्टिममधल्या त्रुटी स्वतःच्या कौशल्याने झाकून टाकते आणि लहान शाखेत अर्धे व्यवहार घडतच नाहीत. सगळ्या प्रकारचे व्यवहार होतात अशी मध्यम शाखा घ्या. प्रमुख सहकार्य करणारा हवा, पण तक्रार करताना न संकोचणारा. निदान एक महिनाअखेर पायलटमध्ये आली पाहिजे. पायलट शाखा आणि इतर शाखा यांच्यातल्या हस्तांतरणांना प्रश्न १० मधलेच पूल लागतील.

पायलट संपणे आणि पुढची शाखा सुरू होणे यात मोकळा वेळ ठेवा, कारण शिकलेले अमलात आणायलाच तो लागतो. कॅनडा सरकारच्या फिनिक्स या पगार प्रणालीचा ठरलेला पायलट २०१५ मध्ये रद्द झाला आणि २०१६ च्या फेब्रुवारी व एप्रिल अशा दोन लाटांत शंभरहून अधिक खात्यांचे पगार तिच्यावर नेले गेले. नाव टप्प्यांचे असले तरी पहिल्या लाटेतल्या चुका उमगून दुरुस्त होण्याइतके अंतर दोघींत नव्हते. परिणामी हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा काहीच पगार मिळाला नाही आणि ते निस्तरण्यात वर्षे गेली.

१३. जुना डेटा किती न्यायचा? सगळा नेता येईल का?

नेता येतो, पण बहुधा नेऊ नये. मूळ याद्या (साफ करून), उघड्या नोंदी, सुरुवातीच्या शिलका आणि तुलनेसाठी मागच्या एक-दोन वर्षांच्या मासिक बेरजा एवढे पुरते. तपशीलवार इतिहास जुन्यातच वाचता येईल असा ठेवा (प्रश्न २०).

साफसफाई जुन्या सिस्टिममध्येच करा. नव्यात गेल्यावर करू म्हटलेली साफसफाई होत नाही. डेटा स्प्रेडशीटमधून जात असेल तर तीन ठिकाणी हमखास मार बसतो. सुरुवातीची शून्ये उडतात, म्हणजे ००४५२ चे ४५२ होते. १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. आणि तारखेत दिवस-महिना उलटतात. तिसरी चूक शोधायला दिवस १२ हून मोठा असलेल्या तारखा पाहून उपयोग नाही, त्या एकतर बरोबर येतात किंवा चढवतानाच नाकारल्या जातात. १ ते १२ मधले दिवस तपासा.

१४. आमच्याकडची मराठी नावे नव्या सिस्टिममध्ये अगम्य दिसतात. ती पुन्हा टाइप करावी लागतील का?

बहुतेकदा नाही. जुन्या फाँटांत मराठी मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या कोडांत साठवलेला असतो आणि फाँट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हांना स्वतंत्र कोड देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या, रकान्यात तो तसाच ओतला की मूळ रोमन चिन्हे दिसतात. त्या विशिष्ट फाँटसाठीचा परिवर्तक वापरावा लागतो. एका सिस्टिममध्ये दोन-तीन फाँट मिसळलेले असतील तर आधी नोंदी फाँटनुसार वेगळ्या करा.

परिवर्तनानंतर पहिली वेलांटी आणि रफार असलेली नावे आधी तपासा. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे उलटे. म्हणून 'किशोर' आणि 'वर्षा' यांसारखी नावेच आधी बिघडतात. 'कऱ्हाडे' मधला ऱ् युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतल्यावर एकच प्रकार सापडतो. सगळीकडे एकच रूप करून घ्या.

रकान्याची लांबीही पाहा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. लांबी बाइटांत मोजणाऱ्या ३० च्या रकान्यात 'ज्ञानेश्वर' एवढे दहा चिन्हांचे नाव कसेबसे मावते. पुढचे आडनाव गुपचूप कापले जाते.

१५. गो-लाइव्हची तारीख कोणती धरावी?

महिन्याची सुरुवात, कामाचा ओघ कमी असलेला काळ, आणि पुढचे चार आठवडे महत्त्वाची माणसे हजर असतील अशी. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस शिलकांसाठी सोयीचा असतो, पण तेव्हाच लेखाविभाग जुन्या वर्षाच्या अखेरीत बुडालेला असतो. सिस्टिम हिशेबाचीच असेल तर वर्षाच्या पहिल्या दिवसाऐवजी दुसऱ्या महिन्याचा पहिला दिवस बहुधा बरा पडतो.

तारीख घसरली तर ती हंगामात घुसू देऊ नका. अमेरिकेतल्या हर्शे या चॉकलेट कंपनीची नवी व्यवस्था १९९९ च्या एप्रिलऐवजी जुलैत सुरू झाली, तीही तीन मोठी सॉफ्टवेअर उत्पादने एकदम. पुढे लगेच ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन सणाच्या ऑर्डर आल्या. माल गोदामात होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेवर पाठवता आल्या नाहीत. तीन महिने घसरलेली तारीख आणखी चार-सहा महिने घसरवणे कधीकधी स्वस्त असते.

१६. कर्मचाऱ्यांची तयारी कधी आणि किती?

प्रशिक्षण गो-लाइव्हच्या आधीच्या दोन आठवड्यांत. महिनाभर आधी शिकवलेले विसरले जाते. सरावासाठी वेगळी सिस्टिम द्या आणि तिच्यात त्यांच्याच विभागाचा डेटा असू द्या. प्रत्येक दहा-पंधरा जणांमागे त्यांच्यातलाच एक जाणकार तयार करा आणि पहिले दोन आठवडे त्याला रोजच्या कामातून पूर्ण मोकळे ठेवा. अर्धे मोकळे ठेवले तर तो दोन्हीकडे अपुरा पडतो.

पहिल्या दिवशी सकाळी सर्वाधिक फोन पासवर्डसाठी येतात. आदल्या आठवड्यात प्रत्येकाकडून एकदा लॉगिन करून घ्या. कामाचा वेग पहिले काही आठवडे कमी राहणार, हे वरिष्ठांना आधी सांगा आणि तेवढी जादा माणसे किंवा जादा वेळ मंजूर करून घ्या. नव्या सिस्टिममुळे कमी लागणारी माणसे आधीच कमी करू नका. फिनिक्समध्ये अनुभवी पगार-कर्मचाऱ्यांची पदे आधीच कमी केली गेली होती, आणि चुका निस्तरायच्या वेळी नेमके तेच हाताशी नव्हते.

१७. आमचे काम चोवीस तास चालते. थांबवायला शनिवार-रविवार नाहीच. मग?

रुग्णालय, आणीबाणीची सेवा, सततचे उत्पादन अशा ठिकाणी एकेक वॉर्ड किंवा एकेक लाइन असे टप्पे करा, आणि प्रत्येक टप्प्यात मधले काही तास कागदावर काम चालवा. कागदी फॉर्म क्रमांकित आणि छापून तयार हवेत. ते नंतर कोण आणि कोणत्या क्रमाने चढवणार हे ठरलेले हवे. वेळ फॉर्मवर लिहिलेली तीच सिस्टिममध्ये टाकता आली पाहिजे, चढवल्याची वेळ नव्हे. औषधांच्या नोंदीत हा फरक जिवाशी येतो.

कागदी व्यवस्था नवी सिस्टिम स्थिरावेपर्यंत मोडू नका. लंडनच्या अँब्युलन्स सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण शहराचे काम एकदम नव्या संगणकीय प्रणालीवर नेले. पहिल्याच दोन दिवसांत गाड्या पाठवण्यात गंभीर दिरंगाई झाली. ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्ण थांबली, कारण एका बारीक प्रोग्रामिंग चुकीमुळे मेमरी मोकळी होत नव्हती. राखीव यंत्रणेनेही ताबा घेतला नाही. राखीव यंत्र असणे पुरत नाही. मुख्य यंत्राची वायर उपटून ते चालते का, हे पाहिलेले असावे लागते.

१८. नवी सिस्टिम क्लाउडवर आहे. काही वेगळे लागते का?

पद्धतीची निवड तशीच, पण चार गोष्टी पुरवठादाराला विचारून घ्या. पॅरलल रनच्या काळातले शुल्क किती? सराव आणि तालमीसाठी वेगळी प्रत मिळते का आणि ती किती वेळा पुसून नव्याने भरता येते? पुरवठादार स्वतःहून आवृत्ती बदलतो, तर आपल्या कटओव्हरच्या आठवड्यात तो ती बदलणार नाही याची लेखी हमी आहे का? आणि सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का? शेवटच्या प्रश्नाला 'मागणी केल्यास देऊ' असे उत्तर आले तर ती मागणी तालमीच्या काळातच करून फाइल उघडून पाहा.

१९. टप्प्याटप्प्याने सुरुवात केली आणि अर्ध्यावरच थांबलो. काही विभाग वर्षभर जुन्यावरच आहेत. आता काय?

हे फार ठिकाणी होते. पहिले टप्पे सोपे म्हणून निवडलेले असतात, अवघड शेवटी राहतात आणि तोवर पैसा, माणसे व उत्साह आटलेला असतो. आधी चालू असलेल्या पुलांचा मासिक खर्च काढा, जुळवणीला लागणारे तासही धरून. मग राहिलेल्या विभागांपैकी ज्याच्या जाण्याने सर्वाधिक पूल पडतील तो आधी न्या, तो अवघड असला तरी. राहिलेले सगळे एका थेट बदलात नेणे शक्य आहे का, तेही तपासा. निम्म्या संस्थेला आता नवी सिस्टिम येते, त्यामुळे हा थेट बदल सुरुवातीच्या मानाने कमी जोखमीचा असतो.

एखादा विभाग खरोखर नव्यात बसतच नसेल तर तसे लेखी ठरवा आणि त्याचा पूल कायमचा म्हणून नीट बांधा. तात्पुरते म्हणून कसेतरी जोडलेले पूल वर्षानुवर्षे चालवणे सर्वांत महाग पडते.

२०. जुनी सिस्टिम पूर्ण बंद कधी करायची?

लिहिण्यासाठी कटओव्हरच्या क्षणी (प्रश्न ११ मधली जुन्यातच संपवायची कामे सोडून), वाचण्यासाठी नोंदी जपण्याची कायदेशीर मुदत संपल्यावर. मधल्या काळात तिला 'फक्त वाचन' करून ठेवा. पहिली वर्षअखेर आणि पहिले लेखापरीक्षण नव्या सिस्टिमवर पार पडेपर्यंत ती आहे तशी चालती असू द्या.

त्यानंतर जुने यंत्र आणि परवाने सोडायचे असतील तर डेटा साध्या, कोणत्याही साधनाने वाचता येणाऱ्या फायलींत काढा. प्रत्येक रकान्याचा आणि प्रत्येक कोडचा अर्थ सांगणारा कागद सोबत ठेवा, कारण स्थिती ७ म्हणजे काय हे तीन वर्षांनी कोणालाही आठवणार नाही. महत्त्वाचे अहवाल आणि खातेवह्या पीडीएफमध्ये स्वतंत्र काढा. दर तिमाहीला त्यातली एखादी जुनी नोंद मागवून ती किती वेळात सापडते ते पाहा. बंद करण्याआधी नेटवर्कवर महिनाभर लक्ष ठेवा, अजून कोणती यंत्रे किंवा रात्रीची स्वयंचलित कामे तिच्याकडे जातात ते कळते. शेवटी यंत्र बंद करून तीस दिवस तसेच ठेवा. कोणी विचारत आले नाही तर डिस्क पुसा आणि पुसल्याची नोंद जपून ठेवा.